शेवटचा अंक : मुंबईतील आकडा-जुगार, त्याचे भाव आणि उपनगरी कामगारजीवन

सारांश

मुंबईच्या सामाजिक इतिहासात मटका या जुगाराचा उल्लेख प्रामुख्याने गुन्हेगारीच्या संदर्भात येतो. प्रस्तुत शोधनिबंधात मटक्याचा विचार त्याच्या गणिताच्या अंगाने केला आहे. पत्त्यांच्या बेरजेतील शेवटचा अंक ग्राह्य धरण्याची मटक्याची रीत आणि बाकारा या पाश्चात्त्य पत्तेखेळाची रीत मुळात एकच आहे. मात्र दोहोंच्या भावात मोठे अंतर आहे. हा भाव हाच इतिहासाचे साधन मानला, तर गिरणगावातून उपनगरांपर्यंत झालेला या जुगाराचा प्रसार, त्याची साखळीवजा रचना आणि कायद्याची त्याकडे पाहण्याची दृष्टी या तिन्ही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

बीजशब्द : आकडा-जुगार, मटका, बाकारा, भाव, संभाव्यता, गिरणी कामगार, मुंबई उपनगरे, जुगार प्रतिबंधक कायदा.

१. प्रस्तावना

जुगार हा मानवी समाजाइतकाच जुना आहे, असे म्हणण्याची प्रथा आहे. द्यूताचे दाखले वैदिक वाङ्मयापासून महाभारतापर्यंत सर्वत्र आढळतात. परंतु प्रत्येक काळाचा जुगार त्या काळाच्या अर्थव्यवस्थेतून आकार घेतो, ही गोष्ट या प्रथेमुळे नजरेआड होते. तारयंत्राने परदेशी बाजारभाव येऊ लागल्याखेरीज कापसाच्या आकड्यावर पैज लागणे शक्य नव्हते आणि रोख मजुरी हाती येणारा मोठा कामगारवर्ग नसता तर एक रुपयाच्या चिठ्ठीवर चालणारा धंदा उभा राहिला नसता.

मुंबईतील मटका हा या दृष्टीने अभ्यसनीय विषय आहे. त्याच्या चालकांवर वृत्तपत्रीय लेखन विपुल झाले. 'धर्मात्मा' (१९७५) या चित्रपटातील मुख्य पात्र मटकासम्राट रतन खत्री यांच्यावरून घेतले असल्याचे मानले जाते. 'मटका लागला' हा वाक्प्रयोग अनपेक्षित लाभ झाला या अर्थाने मराठीत रुळला आहे. तथापि, मटका लावणाऱ्याला एका रुपयामागे नेमके काय मिळत होते आणि त्याच्याकडून काय घेतले जात होते, या साध्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सदर निबंधाचा प्रयत्न त्या दिशेने आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) मुंबईतील आकडा-जुगाराच्या स्थित्यंतराचा कालानुक्रमे आढावा घेणे.
(२) मटक्याचे भाव व त्यामागील संभाव्यता यांची बाकारा खेळाशी तुलना करणे.
(३) या गणिताचा आणि उपनगरी कामगारवस्तीतील प्रसाराचा संबंध तपासणे.
(४) जुगारविषयक कायद्याने भावाच्या प्रश्नाकडे कसे पाहिले, याची चिकित्सा करणे.

घोड्यांच्या शर्यती, क्रिकेटवरील सट्टा आणि शेअरबाजारातील सट्टा हे विषय या निबंधाच्या व्याप्तीबाहेर ठेवले आहेत.

३. पूर्वपीठिका : पाऊस, अफू आणि कापूस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील देशी व्यापारपेठांत पावसावर पैजा लावण्याची चाल जोरात होती. ठरावीक मुदतीत छपराची मोरी वाहील की नाही, यावर पायधुणी परिसरात पैसे लागत. १८८७ साली मुंबई इलाख्यासाठी जुगार प्रतिबंधक कायदा झाला. त्यात फासे, पत्ते यांसारख्या साधनांचा विचार प्रामुख्याने होता. पाऊस हे काही जुगाराचे साधन नव्हे, त्यामुळे पावसाचा सट्टा कायद्याच्या कक्षेत बसवणे अवघड गेले. १८९० च्या दुरुस्तीने पैज लावणे हेही जुगाराच्या व्याख्येत आणले गेले. जुगाराने नवे रूप घ्यावे आणि कायद्याने त्याच्या मागोमाग आपली व्याख्या वाढवावी, हा क्रम येथून सुरू झालेला दिसतो.

या कायद्याची व्याख्या ऐतिहासिक साधन म्हणून वाचण्यासारखी आहे. कापूस, अफू वा अन्य मालाचा बाजारभाव, तो भाव दर्शविणाऱ्या संख्येतील अंक, शेअरचा भाव, इतकेच नव्हे तर रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारगाडीच्या नोंदणी क्रमांकातील अंक या सर्वांवरील पैजांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. लोकांनी कशाकशावर पैसे लावले, याची ती यादीच होय. या यादीत मालाच्या भावाबरोबरच त्या भावातील 'अंक' हा स्वतंत्रपणे नोंदवला आहे, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

कापसाच्या भावावरील पैज ही मूळची व्यापाऱ्याची पैज. तिला मालाचे ज्ञान लागते, पिकाचा अंदाज लागतो. पण भावातील शेवटच्या अंकावरील पैजेला यांपैकी काहीच लागत नाही. भाव चढणार की उतरणार हे जाणकार सांगू शकेल; भावाचा शेवटचा अंक तीन येणार की सात, हे कोणीही सांगू शकत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होतानाचा भाव तारेने मुंबईस येई आणि त्यावर 'आकडा' लागे. पुढे मटक्यात रूढ झालेल्या 'ओपन' आणि 'क्लोज' या संज्ञांचे मूळ या बाजारव्यवहारात आहे. व्यापाऱ्याचा सट्टा आणि मजुराचा आकडा यांची फारकत या टप्प्यावर झाली. आकडा लावण्यासाठी कापसाचे ज्ञान अनावश्यक ठरले आणि पेठेबाहेरचा माणूस या खेळात आला.

४. मडक्यातून पत्त्यांकडे

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणाऱ्या भावांचा हा आधार संपुष्टात आला. लोक आकडा लावण्यास तयार होते, भरणा घेणारे होते, परंतु आकडा पुरविणारा बाजार नाहीसा झाला होता. ही उणीव दोघांनी भरून काढली. कच्छमधून मुंबईस आलेले आणि वरळीत किराणा व्यवसाय करणारे कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला. 'कल्याण मटका' हे नाव त्यांच्यावरून पडले आहे. कल्याण शहराशी त्याचा संबंध नाही. फाळणीनंतर कराचीहून आलेले रतन खत्री यांनी १९६४ मध्ये 'न्यू वरळी मटका' काढला. आरंभी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढला जाई म्हणून 'मटका' हे नाव. पुढे मडके गेले, पत्ते आले, पण नाव टिकले.

पत्त्यांची रीत अशी. जुडीतून राजा, राणी, गुलाम ही चित्रे काढून टाकली की एक्क्यापासून दश्शीपर्यंत चाळीस पत्ते उरतात. एक्का म्हणजे १ आणि दश्शी म्हणजे ०. त्यातून तीन पत्ते काढून त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतील केवळ शेवटचा अंक धरायचा. समजा ३, ५ आणि ६ हे पत्ते निघाले. बेरीज १४, म्हणून 'ओपन' ४. रात्री उशिरा पुन्हा तीन पत्ते काढले आणि २, ८, ८ निघाले. बेरीज १८, म्हणून 'क्लोज' ८. हा निकाल ३५६–४८–२८८ असा लिहिला जाई. यातील ४ वा ८ हा एकेरी आकडा, ४८ ही 'जोडी' आणि ३५६ वा २८८ ही तीन पत्त्यांची 'पत्ती' किंवा 'पाना'. एकेरी आकडा लागल्यास रुपयास नऊ रुपये आणि जोडी लागल्यास रुपयास नव्वद रुपये हा सर्वसाधारणपणे रूढ असलेला भाव होय.

५. शेवटच्या अंकाचे गणित

येथे बाकारा या खेळाशी असलेले साम्य ध्यानात येते. युरोपात विकसित झालेला आणि आज मकाऊपासून गोव्यापर्यंतच्या कॅसिनोंत खेळला जाणारा हा खेळ 'प्लेअर' व 'बँकर' अशा दोन बाजूंमध्ये होतो. प्रत्येक बाजूस दोन किंवा तीन पत्ते मिळतात, त्यांची बेरीज होते आणि बेरजेतील शेवटचा अंकच मोजला जातो. ज्या बाजूचा अंक नऊच्या अधिक जवळ, ती बाजू जिंकते. दोन खेळांचा उगम व खेळणारा वर्ग भिन्न असूनही दशकाचा अंक सोडून एककाचा अंक धरण्याची युक्ती समान आहे.

फरक चित्रांच्या पत्त्यांमुळे पडतो. बाकारात चित्रे जुडीत राहतात आणि त्यांची किंमत शून्य असते, दश्शीही शून्य. म्हणजे तेरा प्रकारच्या पत्त्यांपैकी चार प्रकार शून्याचे. त्यामुळे सर्व अंक समान संभाव्य नसतात. पुष्कळ जुड्या एकत्र पिसल्या आहेत असे धरल्यास पहिल्या दोन पत्त्यांची बेरीज शून्य येण्याची संभाव्यता १६९ पैकी २५, तर १ ते ९ पैकी कोणताही विशिष्ट अंक येण्याची संभाव्यता १६९ पैकी १६ इतकी असते.

मटक्यात चित्रे काढून टाकल्यामुळे ही विषमता नाहीशी होते. तीन पत्त्यांच्या पत्तींचे एकूण प्रकार २२० आहेत : तिन्ही अंक वेगळे असलेले १२०, दोन अंक समान असलेले ९० आणि तिन्ही समान असलेले १०. शेवटच्या अंकानुसार त्यांची वाटणी केली असता प्रत्येक अंकाच्या वाट्यास नेमक्या २२ पत्ती येतात : १२ वेगळ्या अंकांच्या, ९ दुहेरी आणि १ तिहेरी. याचे कारण सोपे आहे. कोणत्याही पत्तीतील तिन्ही अंक एकेकाने वाढवले (९ नंतर ० धरून) तर बेरजेचा शेवटचा अंक तीनने सरकतो. तीन व दहा या संख्यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. म्हणून असे सरकत सरकत दहाही अंक सारख्याच वेळा भेटतात. जुडीत दहाही प्रकारच्या पत्त्यांची संख्या सारखी असल्याने संभाव्यतेलाही हाच नियम लागू पडतो. तात्पर्य, प्रामाणिकपणे पिसलेल्या जुडीत ० पासून ९ पर्यंत प्रत्येक अंकाची संभाव्यता नेमकी एक दशांश असते. यात कोणताही अंक 'चालता' वा 'थंड' असू शकत नाही.

पत्तीच्या बाबतीत मात्र समानता नाही. चाळीस पत्त्यांच्या एकाच जुडीतून तीन पत्ते काढण्याचे ९,८८० मार्ग आहेत. त्यांपैकी वेगळ्या अंकांची एखादी विशिष्ट पत्ती ६४ मार्गांनी, दुहेरी पत्ती २४ मार्गांनी आणि तिहेरी पत्ती केवळ ४ मार्गांनी येते. म्हणजे न्याय्य भाव अनुक्रमे रुपयास सुमारे १५४, ४१२ आणि २,४७० असा असावयास हवा. आमिष जितके मोठे, तितके या न्याय्य भावाचे गणित सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

६. भाव आणि भावातील कसर

दहापैकी एक संभाव्यता असताना नऊ रुपये भाव देणे म्हणजे सरासरीने प्रत्येक रुपयातील दहा पैसे चालकाने ठेवून घेणे. जोडीची संभाव्यता शंभरात एक आणि भाव नव्वद. येथेही कसर दहा टक्केच. परंतु जो ओपनवर एक रुपया लावून जिंकलेले नऊ रुपये पुन्हा क्लोजवर लावी, त्याला दोन्ही आकडे लागल्यास ८१ रुपये मिळत; त्याच दोन आकड्यांची जोडी आधीच लावली असती तर ९० मिळाले असते. एकेरी आकड्यांच्या दोन पायऱ्यांत दोनदा कसर कापली जाते, जोडीत एकदाच. जोडीच्या लोकप्रियतेमागे स्वप्नाळूपणाबरोबर हा व्यवहारही आहे.

बाकारात आठ जुड्यांच्या प्रचलित खेळाचे आकडे असे : बँकर जिंकण्याची संभाव्यता ४५.८६ टक्के, प्लेअरची ४४.६२ टक्के आणि बरोबरीची ९.५२ टक्के. बँकरवरील जिंकीतून पाच टक्के दलाली कापूनही कॅसिनोची कसर केवळ १.०६ टक्के राहते. प्लेअरवर ती १.२४ टक्के आहे. बरोबरीवर एकास आठ या भावाने पैसे लावल्यास मात्र ती १४.३६ टक्के होते. म्हणजे श्रीमंतांच्या खेळातील मुख्य पैजांवरची कसर मजुराच्या आकड्यावरील कसरीच्या जेमतेम एक दशांश आहे.

यावरून मटका दसपट लुबाडणूक करणारा आणि बाकारा सौम्य, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दोन खेळांचा वेग वेगळा आहे. शंभर रुपये हाती घेऊन दर डावाला सरासरीने उरलेली सर्व रक्कम पुन्हा लावली, असे समजू. मटक्यात सहा निकालांनंतर सरासरी ५३ रुपये उरतील. बाकारात बँकरवर लावत गेल्यास ५३ रुपयांवर येण्यास सुमारे साठ डाव लागतील. पण सहा निकाल म्हणजे मटक्याचे तीन दिवस आणि साठ डाव म्हणजे कॅसिनोच्या मेजावरील साधारण एक तास. मटक्याची कसर जड होती, पण त्याची गती दिवसाला दोन निकालांची होती. कामगाराच्या दिनक्रमात तो सामावू शकला, त्याचे एक कारण ही संथ गती होय. ज्या क्षणी एकेरी अंकाचा खेळ दर काही मिनिटांनी खेळता येऊ लागतो, त्या क्षणी जड कसर आणि वेगवान गती एकत्र येतात. यंत्रावरील आणि भ्रमणध्वनीवरील जुगाराचा खरा धोका येथे आहे.

याच भावातून धंद्याची रचनाही उलगडते. समजा एका बुकीकडे हजार रुपयांचा भरणा आला आणि तो दहाही आकड्यांवर समान विभागला गेला. कोणताही आकडा फुटो, त्याला ९०० रुपये वाटून १०० रुपये उरतात. पण सणवार, एखादी गाजलेली घटना, कोणाचे स्वप्न यांमुळे लोक एकाच आकड्याकडे वळले आणि हजारातील तीनशे रुपये त्या आकड्यावर आले, तर तो फुटल्यास २,७०० रुपये द्यावे लागून बुकी १,७०० रुपयांनी बुडतो. म्हणून लहान बुकीला जड आकड्यांचा भार वरच्या बुकीकडे उतरवावा लागतो आणि त्याला आणखी वर. मटक्याची गल्लीपासून मध्यवर्ती चालकापर्यंतची साखळी दहशतीवर उभी होती असे सांगितले जाते. पण दहशतीच्याही आधी ती या बेरीज-वजाबाकीची गरज होती. निकाल लोकांसमक्ष काढण्यास जे महत्त्व आले, त्याचेही उत्तर येथेच मिळते. कमी भरणा असलेला आकडा फोडण्याचा मोह चालकास सदैव असतो, हे प्रत्येक खेळणाऱ्यास ठाऊक होते. उपस्थितांसमोर पत्ते उघडण्याविषयी खत्री यांची जी ख्याती होती, ती त्यांच्या धंद्याचे भांडवलच होती. दहा टक्के निश्चित मिळत असताना विश्वास गमावणे हे चालकाच्या तोट्याचे होते.

७. 'खात्रीच्या' पद्धतींची चिकित्सा

आकडा-जुगाराभोवती अंदाजांचे मोठे विश्व उभे राहिले. मागील निकालांचे तक्ते, स्वप्नांचे अर्थ, साधू-फकिरांचे सूचक बोल यांतून आकडा 'काढला' जाई. बाकाराच्या मेजावरही खेळणारे मागील डावांची नोंद कागदावर करतात आणि बँकरची 'ओळ' चालू आहे की तुटली, याचा शोध घेतात. गिरणीच्या फाटकावरील तक्ता आणि कॅसिनोतील नोंदपत्रिका यांमागील मानसिकता एकच आहे.

या पद्धतींचे दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग 'राहिलेला आकडा येणारच' या समजुतीचा. एकच आकडा धरून दहा निकाल लावत राहिल्यास एकदाही न लागण्याची संभाव्यता जवळजवळ ३५ टक्के आहे. वीस निकालांत ती १२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे दहा वेळा हुलकावणी मिळणे यात नवल काहीच नाही. अकराव्या वेळीही संभाव्यता तीच, एक दशांश. पत्त्यांना कालचा निकाल स्मरत नाही.

दुसरा वर्ग हरल्यावर रक्कम दुप्पट करण्याचा. बाकारासारख्या जवळपास बरोबरीच्या पैजेत ही पद्धत युरोपात फार जुनी आहे. दहा रुपयांपासून आरंभ करून लागोपाठ आठ डाव हरल्यास २,५५० रुपये गेलेले असतात आणि नववा डाव २,५६० रुपयांचा लावावा लागतो. तोही केवळ मूळचे दहा रुपये जिंकण्यासाठी. कॅसिनोची कमाल मर्यादा वा खेळणाऱ्याची ऐपत, यांपैकी एक आधी संपते. ही पद्धत हानी टाळत नाही. लहान लहान लाभांच्या मोबदल्यात ती एकाच मोठ्या हानीवर नेऊन ठेवते. महिन्याची मजुरी ठरलेल्या कामगाराच्या बाबतीत ती मर्यादा पठाणी व्याजापर्यंत जाऊन भिडे. कसर असलेल्या खेळात रक्कम कमी-अधिक करून कसर नाहीशी करता येत नाही, हा गणिताचा सिद्धांत आहे; त्यास वरळीत आणि मकाऊत अपवाद नाही.

८. गिरणगाव ते उपनगरे

मटक्याची भरभराट आणि कापड गिरण्यांचा काळ यांचा संबंध सर्वश्रुत आहे. मात्र हा खेळ गिरणगावापुरता मर्यादित राहिला नाही. १९५० मध्ये अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये बोरिवली, दहिसर, मुलुंडपर्यंतचा प्रदेश महापालिकेच्या हद्दीत आला. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडच्या (आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या) दुतर्फा अभियांत्रिकी व रासायनिक कारखाने उभे राहिले. अंधेरीच्या मरोळ भागात औद्योगिक वसाहत झाली. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर यांसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत नोकरदार व कामगार कुटुंबे आली. मटक्याच्या बहराचा काळ आणि उपनगरांच्या या वाढीचा काळ जवळजवळ एकच आहे.

आकडा-जुगार अशा विखुरलेल्या वस्तीस विशेष अनुकूल होता. पत्त्यांचा अड्डा वा कॅसिनो माणसाला मेजापाशी बोलावतो. आकडा उलट माणसाकडे येतो. मुंबादेवी परिसरात पत्ते उघडले की कळवायचा असतो तो एक अंक आणि त्यासाठी दूरध्वनीचा एक निरोप पुरतो. चिठ्ठी घेणारा स्थानकाबाहेर, नाक्यावर, पानाच्या गादीशी असला की पुरे. उपनगरी रेल्वेने रोज मुंबईत जाऊन-येऊन काम करणाऱ्या माणसाला जातानाच्या व येतानाच्या वेळेत आकडा लावता येई. त्यासाठी सवड काढावी लागत नसे आणि घरी जाब द्यावा लागत नसे. ज्या कापसाच्या तारेने हा खेळ जन्माला घातला, तिच्यातील दूरवरच्या संदेशाचे तत्त्व खेळाच्या देशी अवतारातही टिकून राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाने गिरणगावाची रोख मजुरी थांबवली, अनेक कुटुंबे गावी परतली वा उपनगरांकडे व त्यापलीकडे सरकली. आकड्याला रोज थोडी पण नियमित रोकड लागते. ती आटल्यावर खेळाचा पाया डळमळला. १९९० च्या दशकातील पोलीस कारवाई, क्रिकेटवरील सट्टा आणि यंत्रावरील लॉटरी यांनी उरलेले काम केले. खत्री यांचे मे २०२० मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांचा मटका ही स्मरणाची गोष्ट झाली होती. आकडा मात्र संपला नव्हता. तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेला होता.

९. कायद्याची दृष्टी

जुगारास कायद्याने तीन कसोट्या लावल्या. पहिली जागेची, दुसरी कौशल्य की नशीब याची आणि तिसरी राज्याच्या परवान्याची.

जागेच्या कसोटीत एक लक्षणीय भेद आहे. १८८७ च्या कायद्यानुसार पत्त्यांसारख्या खेळाचे ठिकाण 'सार्वजनिक जुगारगृह' ठरण्यासाठी तेथे साधने ठेवणाऱ्याचा नफा, म्हणजे बोलीभाषेतील 'नाल', सिद्ध व्हावी लागते. मालाचा भाव, अंक यांवरील पैजांच्या बाबतीत व्याख्येने ही अट ठेवलेली नाही. श्रावणात घाटकोपर वा मुलुंडच्या गुजराती घरांतून गोकुळाष्टमीच्या निमित्ताने रंगणारे पत्ते, नाल घेतली जात नसेल तर, या व्याख्येबाहेर राहतात. खालच्या नाक्यावरची एक रुपयाची चिठ्ठी तीत येते. याच कायद्याचे कलम '१२-अ' जुगारास साह्यभूत मजकूर छापणे व प्रसृत करणे यांस दंडनीय ठरवते. अंक हाच माल असल्याने अंकाच्या प्रसारावर बंदी आली.

कौशल्याच्या कसोटीचा पायाही मुंबईशी निगडित आहे. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्णय दिला. पुढे रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला गेला. या कसोटीवर मटका व बाकारा दोन्ही नशिबाच्या एकाच रकान्यात पडतात. एकात शेकडा दहा आणि दुसऱ्यात शेकडा एक कसर आहे, हे या कसोटीला दिसत नाही.

परवान्याच्या बाबतीत राज्याची भूमिका दुटप्पी राहिली. मटक्याच्या ऐन बहरात, १९६९ मध्ये, महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला. आणीबाणीच्या ज्या काळात खत्री तुरुंगात होते, त्याच काळातील हा कायदा आहे. तो कधीही अमलात आला नाही आणि ४७ वर्षांनी, २०२३ मध्ये, रद्द झाला. शेजारच्या गोव्यात मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील मेजांना कायद्याने वाट करून दिली. आज मांडवीवरील जहाजांत बाकारा परवान्यानिशी खेळला जातो.

या सर्व इतिहासात खेळाच्या अंतर्गत रचनेकडे पाहणारी एक तरतूद उठून दिसते. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी नियमन कायद्याने एकेरी अंकावर बक्षीस देण्यास मनाई केली. शेवटच्या एका अंकाचा खेळ सोपा, स्वस्त आणि म्हणूनच सर्वाधिक पसरणारा असतो, ही मटक्याने दिलेली शिकवण तेथे कायद्याच्या शब्दांत उतरली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य व नशीब हा भेदच बाजूस सारला. परंतु बंदी असो वा परवाना, खेळणाऱ्यास त्याच्या रुपयातील किती पैसे जातात हे सांगण्याचे बंधन या परंपरेत केंद्रस्थानी आलेले नाही.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मुंबईतील आकडा-जुगार हा व्यापारी सट्ट्यातून निघाला. परंतु भावाऐवजी भावातील शेवटचा अंक ग्राह्य धरल्यामुळे तो ज्ञानापासून मुक्त झाला आणि कामगारवर्गास खुला झाला.

(२) चित्रे वगळलेल्या जुडीतील तीन पत्त्यांच्या बेरजेत दहाही अंक समान संभाव्य असतात. त्यामुळे आकडा काढण्याच्या कोणत्याही पद्धतीस गणिती आधार नाही.

(३) मटक्याची दहा टक्के कसर बाकाराच्या मुख्य पैजांच्या तुलनेत फार जड होती. तिची झळ खेळाच्या संथ गतीमुळे लांबत असे, टळत नसे. वेगवान एकेरी अंकाचा खेळ म्हणूनच दोहोंपेक्षा घातक ठरतो.

(४) धंद्याची साखळी, भार उतरवण्याची पद्धत आणि निकाल लोकांसमक्ष काढण्याचे महत्त्व यांचे स्पष्टीकरण प्रथम भावात शोधावे लागते, नंतर गुन्हेगारीत.

(५) कायद्याने जागा, कौशल्य व परवाना यांचा विचार केला; भावाचा विचार अपवादानेच केला.

गिरणी कामगारांच्या इतिहासात मजुरी, महागाई भत्ता आणि बोनस यांचे आकडे अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक जमवले आहेत. त्याच मजुरीतून रोज वजा होणारा शेकडा दहाचा आकडा मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो नैतिक अधःपाताच्या सदरात टाकून दिला की त्याचा हिशेब ठेवण्याची गरज उरत नाही. उपनगरांतील कामगारकुटुंबांच्या घरखर्चाचा इतिहास लिहिताना हा वजावटीचा रकाना भरला जावा, अशी अपेक्षा येथे नोंदवणे उचित ठरेल.